डॅन्यूबच्या क्रूझला जोडलेली दोन शहरे: कंपनीकडून घेतलेले प्राग आणि स्वतः आखलेले बुडापेस्ट

गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला माझे यजमान आणि मी जर्मनीतील न्यूरेम्बर्ग ते हंगेरीतील बुडापेस्ट अशी डॅन्यूब नदीवरची सात रात्रींची क्रूझ केली. पैसे भरताना कंपनीने आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते: जहाजावर चढण्याआधी चेक प्रजासत्ताकातील प्रागमध्ये तीन रात्री, किंवा जहाजातून उतरल्यावर बुडापेस्टमध्ये तीन रात्री. कंपन्यांच्या भाषेत याला लँड एक्स्टेन्शन म्हणतात. मी सोयीसाठी जोडसहल म्हणते. आम्ही प्रागची जोडसहल कंपनीकडून विकत घेतली आणि बुडापेस्टच्या तीन रात्री स्वतः आखल्या, त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही पद्धती पारखून पाहता आल्या. हा अभिप्राय मुख्यतः त्या सहा रात्रींविषयी आहे. आमच्या ओळखीतील मंडळी क्रूझची निवड चार-चार महिने करतात आणि जोडसहल मात्र फॉर्म भरताना पाच मिनिटांत ठरवतात. तसे करू नये असे मला फार मनापासून वाटते, कारण या प्रवासातील पैशाचा आणि वेळेचा मोठा भाग तिथेच खर्च होतो.

सर्वांत आधी नकाशा उघडावा. अशी क्रूझ पुष्कळदा ‘प्राग ते बुडापेस्ट’ या नावाने विकली जाते आणि जहाज प्रागहूनच निघत असावे, अशी आमचीही सुरुवातीला समजूत झाली होती. प्राग डॅन्यूबवर वसलेले नाही. ते व्ल्टावा नदीच्या काठी आहे. व्ल्टावाचे पाणी एल्ब नदीतून उत्तर समुद्राला जाते, तर डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते. न्यूरेम्बर्गसुद्धा डॅन्यूबवर नाही, पण १९९२ साली पूर्ण झालेल्या माइन-डॅन्यूब कालव्यामुळे जहाज तिथपर्यंत येऊ शकते. प्राग ते न्यूरेम्बर्ग हे सुमारे ३०० किलोमीटर अंतर बसनेच कापावे लागते. एवढे कळले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो, कारण बुडापेस्ट जहाजाच्या मार्गावर आहे आणि थोडेबहुत का होईना पाहायला मिळतेच, पण प्राग जोडसहल घेतल्यावाचून दिसत नाही.

आधी की नंतर या प्रश्नावर अमेरिकेतील प्रवाशांचा सल्ला बहुधा असा असतो की वेळेच्या फरकाने आलेला थकवा उतरावा म्हणून आधी चार दिवस जाऊन राहावे. आपल्याला तो तितकासा लागू होत नाही. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात भारत आणि मध्य युरोप यांच्यात केवळ साडेतीन तासांचा फरक असतो आणि तोही आपल्या बाजूचा, म्हणजे आपण पहाटे लवकर जागे होतो आणि रात्री लवकर पेंगतो, एवढेच. आपल्या दृष्टीने आधी जाण्याचे खरे कारण विमानाचा उशीर आणि हरवणारे सामान हे आहे. जहाज कोणासाठी थांबत नाही; ते चुकले तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने त्याचा पाठलाग करावा लागतो. आमच्या बाबतीत मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शुक्रवारी सकाळी प्रागला उतरल्यावर दोनपैकी एक बॅग पट्ट्यावर आलीच नाही. त्या बॅगेत यजमानांचे गुडघ्याचे पट्टे, दोघांचे गरम कपडे आणि निम्मी औषधे होती. ती शनिवारी संध्याकाळी हॉटेलवर पोहोचली. हाच प्रकार जहाजावर चढण्याच्या दिवशी घडला असता तर ती बॅग आमच्या मागून बंदरोबंदरी फिरत राहिली असती. तेव्हापासून क्रूझच्या आधी किमान दोन रात्री जमिनीवर काढाव्यात, मग त्या कंपनीच्या असोत वा स्वतःच्या, या मतावर मी ठाम आहे.

कंपनीच्या जोडसहलीत विमानतळावरून नेणे, तीन रात्रींचे हॉटेल व न्याहारी, अर्ध्या दिवसाचे मार्गदर्शकासह दर्शन आणि चौथ्या दिवशी सामानासकट जहाजापर्यंत पोहोचवणे इतक्या गोष्टी होत्या. हॉटेल स्वच्छ होते आणि मंडळी अतिशय सौजन्याने वागत होती, परंतु ते जुन्या शहरापासून ट्रामने वीस मिनिटांवर होते आणि ही गोष्ट माहितीपत्रकात ‘मध्यवर्ती भागात’ या शब्दांत लिहिलेली होती. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचे नाव मागून घ्यावे आणि नकाशावर स्वतः पाहावे, कारण मध्यवर्ती या शब्दाला माप नाही. आम्हाला ट्राम आवडली म्हणून ते निभावले.

पहाटे जाग येण्याचा उपयोग आम्ही चार्ल्स पुलासाठी केला. चौथ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत १३५७ साली पायाभरणी झालेला हा पाचशे मीटरहून थोडा अधिक लांबीचा दगडी पूल, त्याच्या दोन्ही कठड्यांवरचे तीस पुतळे आणि समोर टेकडीवरचा किल्ला हे दृश्य सकाळी दहानंतर माणसांच्या गर्दीत हरवून जाते. आम्ही पावणेसहाला पुलावर होतो. अजून पुरते उजाडले नव्हते, दिवे जळत होते, दोन छायाचित्रकार आणि एक झाडूवाला एवढेच लोक होते, आणि पाण्यावरून बांध ओलांडणाऱ्या प्रवाहाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. गटाबरोबर त्याच पुलावरून साडेदहाला गेलो तेव्हा मार्गदर्शकाचा आवाज कानातील यंत्रातून ऐकू येत होता, पण ती कोणत्या पुतळ्याविषयी बोलते आहे ते दिसत नव्हते.

मार्गदर्शक बाई जाणकार होत्या. सेंट व्हाइटस कॅथीड्रलचे काम १३४४ साली सुरू होऊन १९२९ साली संपले, हे त्यांनी भिंतीच्या दगडांचा बदलता रंग दाखवून समजावले, आणि १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे तासाच्या ठोक्याला नेमके उभे केले. तक्रार आहे ती आखणीविषयी. अर्ध्या दिवसाचे दर्शन शनिवारी ठेवलेले होते आणि त्यात जोसेफोव्ह हा ज्यू वस्तीचा भाग होता. शनिवार हा ज्यू लोकांचा सब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्याने तेथील संग्रहालय आणि त्याच्या ताब्यातील सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनागृहे) त्या दिवशी बंद असतात. दरवाजांबाहेर उभे राहून आम्ही व्याख्यान ऐकले. कंपनीला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही. मग निदान ज्यांचा मुक्काम शनिवारी पडतो त्यांना तसे आधी कळवायला हवे होते. रविवारी आम्ही दोघेच पुन्हा गेलो. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया व मोराव्हिया या चेक प्रांतांतील सत्तर हजारांहून अधिक ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. घराणे, नाव, जन्मतारीख, मग पुढचे घराणे. आम्ही तिथे तासभर होतो आणि बाहेर आल्यावर बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. प्रागला जाऊन हे पाहायचे राहून गेले असते तर मला फार वाईट वाटले असते, आणि कंपनीच्या वेळापत्रकावर विसंबलो असतो तर ते राहिलेच असते.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. प्रागच्या जुन्या भागात जिकडेतिकडे गोटीदार दगडांची फरसबंदी आहे आणि किल्ल्याचा चढ थकवणारा आहे. २२ क्रमांकाची ट्राम किल्ल्याच्या वरच्या बाजूला उतरवते. तिथून किल्ला पाहून उतारावरून खाली यावे. गटाला मात्र खालून वर चालवत नेले होते आणि यजमानांसह चार-पाच जण अर्ध्यातच बसून राहिले.

आम्ही शाकाहारी आहोत. प्रागमध्ये तळलेले चीज आणि बटाटे यांवर एक वेळ भागते, दुसऱ्या वेळेला कंटाळा येतो. शहरात भारतीय उपाहारगृहे पुष्कळ आहेत आणि आम्ही एका रात्री निमूटपणे डाळभात खाल्ला. चलन कोरुना आहे, युरो नाही, आणि पुढे हंगेरीत फोरिंट लागतात, तेव्हा युरोच्या नोटांचा गठ्ठा घेऊन जाण्यात अर्थ नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालले.

चौथ्या दिवसाचा बसप्रवास हा कंपनीच्या जोडसहलीचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. सकाळी खोलीबाहेर ठेवलेल्या बॅगा थेट केबिनमध्ये दिसल्या. वाटेत एक थांबा झाला, सीमेवर कोणी अडवले नाही, आणि न्यूरेम्बर्गचे जहाजांचे बंदर जुन्या शहरापासून दूर असल्याने स्वतः गेलो असतो तर बसस्थानकावरून पुन्हा टॅक्सी शोधावी लागली असती. शिवाय बसला उशीर झाला असता तरी ती कंपनीचीच बस असल्याने जहाज सुटण्याची चिंता आम्हाला नव्हती. मी माणशी सुमारे ८५० युरो मोजले. तशाच दर्जाचे हॉटेल आणि न्यूरेम्बर्गची साधी बस स्वतः घेतली असती तर निम्म्याहूनही कमी खर्च आला असता. वरचे पैसे या निश्चिंतीचे होते. पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्यांनी, किंवा साठी-सत्तरी उलटलेल्यांनी, ते द्यावेत असे मी म्हणेन. सवयीच्या प्रवाशांनी प्राग स्वतः करावे, पण एक रात्र न्यूरेम्बर्गमध्ये राखून ठेवावी.

जहाजावरच्या सात दिवसांविषयी जोडसहलीच्या संदर्भात लागेल तेवढेच लिहिते. नदीवरचे जहाज शहराच्या जवळ लागते हे खरे, पण प्रत्येक शहर अर्ध्या दिवसाचे असते. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातील दगडी पूल, पासाउच्या कॅथीड्रलमधील सतरा हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन, मेल्कचा मठ, वाखाउ खोऱ्यातील द्राक्षमळे हे सर्व सुंदर होते आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागले. पासाउला नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०१३ सालची खूण माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. आमच्याबरोबरचे प्रवासी तिथे हसतखेळत छायाचित्रे काढत होते, पण क्रूझ घेणाऱ्याने ती भिंत गांभीर्याने पाहावी. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातील डॅन्यूबवरची वाहतूक थांबली होती. उलट पाऊस कमी झाला की जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा धरणे नसलेला पट्टा उथळ होतो आणि प्रवाशांना बसने पुढच्या जहाजावर नेले जाते. अशा वेळी क्रूझचे दिवस कसेही विस्कटोत, जमिनीवरच्या रात्री मात्र शाबूत राहतात. क्रूझच्या शेवटी दोन-तीन रात्री हाताशी असल्या तर परतीचे विमानही धोक्यात येत नाही.

बुडापेस्टसाठी कंपनीची जोडसहल आम्ही का घेतली नाही, त्याचे कारण माहितीपत्रक दोनदा वाचल्यावर सापडले. तिच्यातील शहरदर्शन म्हणजे वीरांचा चौक आणि मच्छीमारांचा बुरूज. आणि जहाजाच्या शेवटच्या दिवशी, क्रूझच्या मूळ किमतीतच, नेमकी हीच दोन ठिकाणे दाखवली जाणार होती. म्हणजे तेच दर्शन दुसऱ्यांदा विकत घ्यायचे होते. जहाज पेस्टच्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या, बाजूला शहराच्या अगदी मध्यात लागते, तेव्हा हॉटेलपर्यंत नेण्याची सेवाही दहा मिनिटांच्या टॅक्सीची होती. आम्ही संसद भवनाच्या जवळ तीन रात्रींची खोली दोघांसाठी ४२० युरोंना घेतली. कंपनीचा आकडा एका माणसाचाच त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

एका गैरसोयीची तयारी मात्र ठेवावी. जहाजातून सकाळी नऊपर्यंत उतरावे लागते आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते. आम्ही बॅगा हॉटेलवर ठेवून १८९६ साली सुरू झालेल्या, युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत जुन्या भुयारी रेल्वेने सेचेनी स्नानगृहात गेलो. पिवळे छोटे डबे, लाकडी चौकटींची आणि पांढऱ्या टाइलची स्थानके, आणि शेवटी उद्यानात १९१३ सालची पिवळी इमारत, जिथे उघड्या आकाशाखाली वाफाळत्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून लोक बुद्धिबळ खेळतात. सात दिवसांच्या चालण्याने आखडलेल्या गुडघ्यांना त्या पाण्याने जो आराम दिला त्याविषयी यजमान अजून बोलतात. पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवावेत, कारण ते बॅगेत राहिले तर त्या सहा तासांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो.

संसद भवनाची तिकिटे घरूनच ऑनलाइन काढली होती, आणि तसे केले नसते तर मिळाली नसती. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना दर जास्त आहे, तरीही तो द्यावा. घुमटाची उंची ९६ मीटर आहे आणि ती ८९६ साली मग्यार लोक, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, या भूमीत आले या समजुतीची आठवण म्हणून ठेवलेली आहे. त्याच घुमटाखाली हंगेरीचा जुना राजमुकुट पहाऱ्यात ठेवला आहे. तिथून नदीकाठाने दक्षिणेकडे चालत गेले की कठड्यावर लोखंडी जोडे दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या माणसांनी ज्यूंना इथे उभे करून, जोडे काढायला लावून, नदीत गोळ्या घातल्या. त्यांचे स्मारक म्हणून २००५ साली साठ जोडे इथे बसवले गेले. त्यांत लहान मुलांचेही आहेत. आदल्या रात्री रोषणाई पाहत आम्ही जहाजाच्या गच्चीवरून याच काठासमोरून गेलो होतो आणि हे जोडे आम्हाला दिसले नव्हते. प्रागच्या भिंतींवरची नावे आणि हे जोडे यांच्यामध्ये आमचा संपूर्ण नदीप्रवास होता, आणि दोन्ही गोष्टी जहाजाच्या कार्यक्रमाबाहेर होत्या.

बुधवारी आम्ही बुडा किल्ल्यातील राष्ट्रीय कलादालनात अख्खी दुपार घालवली. चित्रकार अमृता शेर-गिल यांचा जन्म १९१३ साली याच शहरात झाला आणि त्यांची आई हंगेरियन होती, हे माहीत असल्याने तेथील विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खेड्यापाड्यांची आणि शेतकऱ्यांची चित्रे मी वेगळ्या उत्सुकतेने पाहिली. गटाबरोबर असते तर तिथे चाळीस मिनिटे मिळाली असती.

जेवणाच्या बाबतीत बुडापेस्टने आम्हाला अधिक सांभाळले. फोझेलेक नावाचा एक प्रकार साध्या खानावळींत मिळतो. वाटाणा, पालक किंवा भोपळ्याची ती दाटसर पातळ भाजी असते आणि भोपळ्याच्या फोझेलेकमध्ये चक्क शेपू घालतात. वर मांसाचा तुकडा ठेवण्याची पद्धत आहे, तो नको म्हणून सांगावे लागते, आणि शिजवताना चरबी वापरली आहे का तेही विचारावे. पाप्रिकाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीच्या, देशात तिखट मिळेल ही आशा मात्र पुरी होत नाही. त्यांची पाप्रिका रंगाला गडद आणि चवीला बहुधा सौम्य असते.

व्हिसाचा हिशेब मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो प्रत्यक्षात सर्वांत आधी करायचा असतो आणि आम्ही तो उशिरा केला. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा; त्यासाठी ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. दिवस समान भरले तर जिथून प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. नुसत्या क्रूझमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचे दिवस जवळजवळ सारखे भरत होते. प्राग जोडले तेव्हा चेक प्रजासत्ताकाचे पारडे जड झाले आणि बुडापेस्ट जोडल्यावर हंगेरीचे. आम्ही क्रूझ ठरताच जर्मनीसाठी भेटीची वेळ घेऊन बसलो होतो, ती सोडून नव्याने घ्यावी लागली आणि त्यात तीन आठवडे गेले. प्रवास विमाही जोडसहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा आणि किमान ३०,००० युरोंचा हवा; क्रूझच्या तारखांचा विमा पुरत नाही. तेव्हा जोडसहल कोणती आणि किती रात्रींची हे व्हिसाच्या अर्जाआधी पक्के व्हायला हवे.

दोन्हींपैकी एकच जोडसहल शक्य असेल तर मी प्राग निवडेन, आणि तीनऐवजी चार रात्रींसाठी. पुढच्या वसंतात आम्ही पोर्तुगालमध्ये दोरू नदीवर पोर्तोपासूनची क्रूझ करण्याच्या विचारात आहोत. तिथेही कंपन्या आधी लिस्बनच्या तीन रात्री देऊ करतात, आणि लिस्बन दोरूवर नाही, तेव्हा ते घ्यायचेच असे ठरले आहे. तेथील जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो असे कळल्यावर या खेपेला आम्ही लिस्बनमध्ये उतरण्याचा वार आधी निवडला आहे आणि क्रूझची तारीख त्यावरून शोधत आहोत.